चार काचा

प्रिय गुरुवर्य पाक सुवोंदो,

कोळंबीच्या पापडांचा डबा पोचला. मी पन्नाशीला आले तरी तुम्हाला अजून वसतिगृहातली उपाशी विद्यार्थिनीच वाटते. प्रयोगशाळेतल्यांनी पापडांचा फडशा पाडला. मला एकही गिळवला नाही, आणि त्याचं कारण लिहायला तीन दिवस धीर होत नव्हता.

आपली चाचणी आठवते ना? तुम्ही इथं आमच्या बेटावर, कुपांगला येऊन लहान मुलांच्या गाठींचे पातळ काप लावलेल्या साठ काचा सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्यात. विसर पडावा म्हणून मध्ये दोन आठवडे जाऊ दिले आणि मग त्याच काचांची इथल्या नव्या यंत्रानं पाठवलेली चित्रं सुराबायात बसून पडद्यावर वाचलीत. दोन्ही निदानं जुळली तरच यंत्रावर भरवसा ठेवायचा होता. साठच्या साठ जुळली, असं मी कळवलं. खरं तर छप्पन्नच जुळली होती. उरलेल्या चार वेळा मी फोन करून म्हटलं, "पाक, सवड झाली तर अजून एकदा नजर टाकता का?" बस्स. गुरूला चुकलात म्हणायची आपल्यात रीत नाही, तुम्हालाही तेवढा इशारा पुरला. तुम्ही उत्तरं बदललीत, मी पहिली खोडली. चारही काचांवरचे काप जाड होते, पडद्यावर पेशी धूसर दिसत होत्या. एवढं मला कळत होतं, पाक.

फेब्रुवारीत सोए गावची अडेलिना आली, तीन वर्षांची. मूत्रपिंडातली गाठ काढली, काचेवरचा काप पुन्हा जाड झाला. पडद्यावर बघून तुम्ही साधी गाठ म्हणालात. काच माझ्याच टेबलावर होती. पण तुमच्या निदानानंतर ती स्वतः तपासणं मला आगाऊपणा वाटला. तिची आई ओर्पा हसून म्हणाली, "बरं झालं बाई मशीन आलं, नाहीतर एवढ्याशा पोरीला घेऊन सुराबायाच्या जहाजात कुठं बसले असते!" गेल्या आठवड्यात पोर धापा टाकत परत आली. फुप्फुसं गाठींनी भरली आहेत, आता कुठलाच उपचार पुरणार नाही. मी जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कर्करोग होता, अगदी स्पष्ट.

सोमवारी मी ती चार उत्तरं वर कळवणार आहे. तुमचं नाव खराब होईल, यंत्र बंद केलं जाईल आणि बेटांवरच्या मुलांच्या गाठी ओळखणारं पुन्हा कुणीच उरणार नाही. हे तुम्हाला परक्याकडून कळू नये, म्हणून लिहिते आहे. ओर्पाला आज सकाळी सगळं सांगितलं. ती ओरडलीसुद्धा नाही. म्हणाली, "मग आता नेते ना सुराबायाला. मंगळवारी जहाज आहे." मला तिला नको म्हणावं लागलं.

तुमचीच,
युलिता