सुदृढ बालक

सदाशिव पेठ, पुणे
२२ जून २०२५

ती. ललिता आत्यास,
सा. न.

मी बरी आहे. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून कागद. सध्या मैत्रिणीच्या रूमवर राहते. वर कुणीतरी पेटी शिकतंय, दिवसभर एकच सूर. असो, भरकटले.

फोन लागेना म्हणून परवा घरी आले होते. दार उघडंच होतं. चप्पल काढताना तुमचा आवाज आला. नातीला सांगत होतात, "बाळा, नवव्या वर्षी पाळी आली म्हणून रडायचं नाही. यात तुझी काही चूक नाही." किती गोड. मी तशीच परत फिरले.

मलाही नवव्याच वर्षी आली होती, आत्या. तेव्हा याच कोथरूडच्या सोसायटीत, हळदीकुंकवाच्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, "पोरांत हुंदडते, म्हणून लवकर पिकली." खो-खो बंद, शाळा बंद, रवानगी गावाला. तेव्हापासून मी कुठे टिकतच नाही. मध्ये नाशिकला बेकरीत होते, तिथली खारी इतकी... राहू दे.

काल शर्मिला वहिनीने लेकीला, नंदूला, डॉक्टरकडे नेलं, सोबतीला मला बोलावलं. तुम्हाला सांगितलं नसेल. डॉक्टर म्हणाल्या, जन्मतः बारीक असलेल्या मुली पहिल्या काही वर्षांत भराभर अंगाने भरल्या, तर त्यातल्या काहींना पाळी लवकर येते. वागण्याचा काही संबंध नाही.

वहिनी म्हणाली, "ही जन्मली तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढी होती. सासूबाईंनी वाटी वाटी तूप घातलं."

मला हसू आलं. मीही तशीच होते ना? आई कंपनीत कामाला, मी तुमच्या मांडीवर. तूप, खजूर, शिरा, तोंड फिरवलं तरी चमचा. सुदृढ बालक स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तो कप अजून तुमच्या शोकेसमध्ये आहे, परवा दारातून दिसला. चांगला पुसलेला. कप तुमचा, बदनामी माझी.

डॉक्टर म्हणाल्या, कुणाला दोष देऊ नका. त्यांचं काय जातंय.

बाहेर आल्यावर नंदूने विचारलं, "आत्या, तुलाही लवकर आली होती? मग आजी काय म्हणाली?"

सांगितलं. शब्दन् शब्द, तुमच्याच आवाजात. पोर म्हणाली, "आजीलाच विचारते."

हे पत्र तिच्याच हाती देतेय. तुम्ही वाचत असाल तेव्हा ती समोर उभी असेल. त्याच गोड आवाजात तिला सांगा, माझी चूक काय होती.

तुमचं पहिलं बक्षीस,
नम्रता