पाणक्या कशावर चालवायचा

५ जाने., शनि.
नेहरू प्लेसच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चार तास. हातात धरून खेळायची तीन यंत्रं पाहिली, डोकं उठलं. आमचा गेम तो केवढासा, जुन्या धाटणीचा. लिफ्ट बंद पडलेल्या सोसायटीत पाणक्या बादली घेऊन आठव्या मजल्यावर चढतो. पाणी सांडायचं नाही. कोड माझा, चित्रं मावसबहीण विद्याची. मुनिरक्यात राहून यूपीएससी करते, आणि मधेच आलेखाच्या वहीत एकेक चौकोन रंगवून तिने हा माणूस केला. त्याच्यासाठी एक धड यंत्र मिळू नये?
जुनं जपानी: पडदा सुरेख, पण घरी केलेला गेम घेत नाही. दुकानदार म्हणे, फाइल छोड़ जाओ, डलवा देंगे. म्हणजे चोरालाच किल्ली.

६ जाने.
चिनी ‘तीनशे गेम एकात’वालं कालच नाकारलं. उडीचं बटण आत रुततं, वर यायला वेळ लावतं. प्लॅस्टिकचा वास अजून बोटांना.
वि. म्हणाली, “दादा, पण लोकांकडे तेच असतं.”
लोकांकडे कचरा असतो म्हणून आपणही कचऱ्यासाठी करायचं? बरंच बोललो.

१२ जाने., शनि.
ठरलं. कोरियन यंत्र, कोणाचाही गेम चालतो. ऑफिसातला मेहरा तिकडून येताना आणणार. वि.ला फोनवर सांगितलं. “अच्छा,” एवढंच.

१९ जाने., शनि.
परत नेहरू प्लेस.
बॅटरी घ्यायला गेलो होतो. काउंटरवर तेच तीनशेवालं चालू. सहज यादी खाली सरकवली. २११: वॉटर मॅन. दाबलं. आमचा पाणक्या. तीच चाल, तीच बादली. आमच्या नावांच्या जागी काळा पडदा.
दुकानदाराला विचारलं. गेम इथेच दिल्लीत भरतात म्हणाला, कोण देतं ते माहीत नाही.
आठव्या मजल्यावर दार उघडलं. हिरव्या साडीतल्या बाई. त्या वि.ने दिवाळीत काढल्या. त्या बाई असलेल्या गेमच्या प्रती दोनच, एक माझ्याकडे, एक वि.कडे.

२० जाने.
मुनिरका. वि.ने नाकारलं नाही. यूपीएससीचा चौथा अटेम्प्ट गेला त्या आठवड्यात गेम तीनशेवाल्यांकडे नेऊन दिला म्हणाली. बदल्यात काही घेतलं नाही. फुकट! हे तर जास्तच किळसवाणं.
“आणि नाव? तेही काढू दिलंस?”
“नाव नको म्हणाले. मी हो म्हटलं. चार वर्षांत माझं एक काम तरी कोणी बघितलं का, दादा? तू धड यंत्र शोधत बसलायस.”
चहा तसाच ठेवून उठलो.

२५ जाने., शुक्र.
आठवडाभर सगळ्याचाच वीट. दुकानदार, काळा पडदा, वि. आणि तिला मी दिलेली भाषणं.
मानेसरला ऑफिसातून निघताना कंपनीची बस चुकली, शेअर ऑटो घेतली. समोर पार्ट्सच्या फॅक्टरीतली बाई, युनिफॉर्मवर स्वेटर. हातात ते तीनशेवालं यंत्र, त्यात पाणक्या. पाचव्या मजल्यावर पडायची, परत पहिल्यापासून. शेजारची म्हणाली, छोड़ ना. हिने मान वर केली नाही.
अंगठा बघत राहिलो. बटण उशिरा लागतं, म्हणून ती कडेच्या दोन पावलं आधीच दाबत होती. ही युक्ती तिची तिने काढलेली. पण पाचव्याला मी दोन पावलांची जागाच ठेवलेली नाही. माझ्या कीबोर्डवर गरज पडली नव्हती.
शेवटी न राहवून म्हटलं, “बाल्टी नीचे रखके कूदिए. बाल्टी पीछे-पीछे आ जाएगी.”
तिने केलं. रिकाम्या हाताने उभ्याउभ्या उडी जाते, पावलं लागत नाहीत. पार.
“आपने भी खेला है?”
हो म्हणालो.

२ फेब्रु., शनि.
मेहराने यंत्र आणलं. पडदा लख्ख, बटणं लोण्यासारखी. पाणक्या पहिल्या फटक्यात आठव्यावर. कोणाला दाखवू?
वि.चा मेसेज: नववा मजला काढू का?
उत्तर दिलं नाही अजून. पाचव्या मजल्याचा कोड उघडून बसलोय. कडेला दोन पावलं वाढवली तर त्या भिकार बटणावरही उडी जमेल. पण वाढवलं, तर ते त्या तीनशेवाल्यांकडे पोचवायचं कोणी, वि.नेच, परत नावाशिवाय?