नळीतलं पीस

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७.४०
प्रयोगशाळेत काचेची नळी पुसत होतो. चार फूट लांब, आत एक नाणं आणि कबुतराचं पीस. हवा असेल तर पीस रेंगाळतं. पंपानं हवा काढून नळी उलटी केली की दोन्ही बरोबरच तळाला.

मुख्याध्यापक म्हणतात, हे सगळं आता पडद्यावर दाखवता येतं. म्हणजे नळी भंगारात आणि माझी हंगामी जागा बंद. विज्ञानाच्या बाईंनी एक संधी मागून घेतली आहे – मंगळवारी ते स्वतः येऊन बघणार.

चार फूट पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यावर माझी नोकरी!

१० जानेवारी
बाईंना विचारलं, नाणं जड, मग ते आधी का पडत नाही? "जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते. पण जड वस्तू हलायलाही तितकीच आळशी. फिट्टंफाट." घरी ताईला समजावलं. ती म्हणाली, "पीस पाडायचा पगार घेतोस? बाहेर बोलू नकोस."

१२ जानेवारी
बूच बदललं. पंप तीनदा तपासला. सगळं ठीक.

१३ जानेवारी, मंगळवार
फजिती. नाणं पडलं, पीस काचेलाच चिकटून बसलं. पुन्हा उलटी केली – तेच.

"बाई, तुमचं पीस नियम पाळत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. मुलं हसली.

बाईंनी मला विचारलं, "सकाळी काय केलंस?" खरं ते सांगितलं. डाग राहू नये म्हणून ताईच्या रेशमी रुमालानं पंधरा मिनिटं नळी घासली.

"अरे बाबा, रेशमानं काच घासली की तिच्यावर वीज साठते. पीस चिकटणारच."

तो धडा मी शाळा सोडल्यानंतरचा. कान तापले. पण बाई रागावल्या नाहीत. मुलांना म्हणाल्या, "आज एका प्रयोगात दोन झाले." मुख्याध्यापकांकडून शुक्रवार मागून घेतला. "शेवटचा," ते म्हणाले.

किती सांभाळून घेतात. मी त्यांचा कोण लागतो?

१६ जानेवारी, शुक्रवार
बाहेरून ओलसर फडकं फिरवलं, घासलं नाही. पंप वीस मिनिटं चालवला. बाईंनी नळी माझ्याच हातात दिली.

टक. पीस दगडासारखं खाली आलं, नाण्याच्या शेजारी.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "दादा, परत." अकरा वेळा केलं. बारावी वेळ मुख्याध्यापकांची. "ठेवू नळी," म्हणाले. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

१९ जानेवारी
कायम जागेचा अर्ज मिळाला. 'शिक्षण'पुढे पेन्सिलीनं 'नववी, नंतर सोडलं' लिहून बाईंना तपासायला दिला. परत आला तेव्हा ते पुसून पेनानं लिहिलं होतं – 'दहावी, सुरू.' मागे पावती टाचलेली. माझ्या नावाचा परीक्षेचा फॉर्म, शनिवारीच भरलेला.