मार खाण्याची नोकरी

ता. १२, गुरुवार

प्रिय ताईस,
तुझ्या दांडगट धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भावजींची कंबर आता बरी आहे, हे वाचून जिवात जीव आला. मी ठणठणीत. खोलीतला नळ रात्रभर टपटपतो, बाकी सगळं उत्तम. तू विणलेला स्वेटर दंडात अडकतो. अजून मला शाळकरी समजतेस की काय?

सोमवारपासून भावजींच्या वखारीत कामाला यायचं ठरलंय, लक्षात आहे. बॅग भरली. मग उपसली. पुन्हा भरली, काल परत उपसली.

एक सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर मी जिममध्ये बॉक्सिंग शिकवत नाही, मार खातो. इथला हेवीवेट चॅम्पियन सराव करतो, तेव्हा मी समोर उभा राहतो. त्याने जोरात मारायचं, मी हलक्या हाताने. हसू नकोस, पगार वेळेवर मिळतो.

मंगळवारी त्याचा हात जरा खाली आला आणि माझा उजवा आपसूक सुटला. गडी आडवा! आणि मी? त्याचं डोकं मांडीवर घेऊन "लागलं का रे?" विचारत बसलो. कोचनी कपाळावर हात मारला. "डोंगरा, अजून तेच! ऐन उमेदीत समोरचा जरा डळमळला की थांबायचास. हातात सोनं होतं, माती केलीस त्याची!"

संध्याकाळी चॅम्पियन स्वतः खोलीवर आला. पुढच्या महिन्यात त्याची लढत आहे, पण समोरच्याचं मनगट मोडलंय. म्हणाला, "आता तूच ये. लोकांसमोर बघू, कोण कोणाला उचलतं."

मी हो म्हणालो. हुश्श, लिहून टाकलं एकदाचं! सोमवारी मी येत नाही. भावजींना दुसरा माणूस बघायला सांग, आणि माझ्या वाटच्या शिव्या तूच खा.

तू म्हणशील, या वयात हाडं मोडून घेशील. अगं, हरायची मला सवय आहे, त्याचं काही वाटत नाही. पण या वेळी थांबलो नाही आणि जिंकलो, तर? मग इतकी वर्षं मी काय करत होतो? या विचाराने झोप उडालीय, खोलीत नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

ताई, "लढू नकोस" असं मात्र लिहू नकोस. तू लिहिलंस तर मी ऐकेन.

तुझा,
भित्रा भाऊ