गाणी माझी, हाणामारी हंबीररावांची

मी, रेवणसिद्ध बसाप्पा हुक्केरी, वय एकाहत्तर, व्यवसाय चष्म्यांचे दुकान, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून काही लिहूनही घेतलेले नाही. येत्या बुधवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. म्हणून आजच लिहितो.

१. राहते घर माझी पत्नी सौ. शांतादेवी हिला पूर्ण मालकीने द्यावे. मी तिला जेवढे पिक्चर दाखवले तेवढ्यांत ती झोपली, आणि शेवट मात्र दर वेळी बरोबर सांगितला. "त्यात काय, आई सापडती की," म्हणून पदर सावरत उठायची. तिच्या निकालावर मी कधी अपील केले नाही. घराबाबतही कोणी करू नये.

२. दुकान चिरंजीव संगमेश यास. अट एकच. जुन्या गाण्याला ढोल चिकटवून ते नवे म्हणून विकतात, तसले गाणे दुकानात लावू नये. गिऱ्हाईक नंबर काढायला आलेले असते, त्याला खालची ओळ वाचायची असते, नाचायचे नसते. गाण्यात आधी चाल ऐकावी, मग शब्द, आणि गाणाऱ्याचे नाव सगळ्यात शेवटी विचारावे, हे माझे मत त्याला पटत नाही. असो. धंद्यात पोरगा सरळ आहे, मला त्याची चिंता नाही.

३. रेकॉर्ड प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्डी मुलगी विद्याश्री, राहणार जयसिंगपूर, हिला. दोन कडव्यांच्या मधे नुसती वाद्ये वाजतात तेव्हा गप्प बसणारी या घरात ती एकटीच. जावई शिवप्रसाद यांना रेकॉर्डीला हात लावू देऊ नये, ते ती जेवणाच्या ताटासारखी धरतात. बाकी माणूस फार चांगला आहे.

४. आता खुर्च्या. जुन्या थिएटरचे सामान भंगारात निघाले तेव्हा मी दोन जोडखुर्च्या घरी आणल्या. दोघींत हात एकच, त्यामुळे वेगळ्या करता येत नाहीत. त्या माझे मित्र हंबीरराव चौगले, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, राहणार कागल, यांना द्याव्यात. याचे कारण सांगणे भाग आहे.

आम्ही दोघे वीस वर्षे शेजारी बसून पिक्चर बघत होतो, पण एकही पिक्चर आम्ही पुरता एकत्र पाहिला नाही. गाणे लागले की हंबीरराव चहाला उठत. हाणामारी सुरू झाली की मी उठत असे, कारण पडद्यावर माणसे आपटलेली मला बघवत नाहीत. खेळ सुटला की स्टँडपर्यंत चालताना मी त्यांना गाणी म्हणून दाखवायचो आणि ते मला हाणामारी सांगायचे. त्यांच्या हाणामारीत मार खाणारा गुंडसुद्धा घरदार असलेला माणूस असे. एकाने तर पडता पडता हिरोला बहिणीच्या लग्नाचे आमंत्रण दिले होते.

१९९९ साली एकदा मी उठलो, पण गुडघा आखडला, म्हणून दाराजवळच्या भिंतीला टेकून आतच उभा राहिलो. पिंपे पडली, काचा फुटल्या, बाकी काही नाही. वाटेत हंबीररावांनी सुरू केले, "त्यो टकल्या खाली पडला आणि हिरोला म्हणतोय, भावा, जरा दम खा, माझा दात हुडकू दे की. हिरोनं बी हुडकून दिला!"

मी म्हणालो, "हंबीरा, असलं काय बी नव्हतं. मी बघितलंय."

"म्हंजे मी लबाड?"

"वीस वर्षं थापाच मारत आलास व्हय रं?"

ते कागलच्या गाडीत चढले. पुन्हा आले नाहीत.

माझे मत मी बदललेले नाही. त्या थापाच होत्या. पण त्या मूळ पिक्चरपेक्षा सरस होत्या, हे दुसरे मतही इथे नोंदवतो. सात वर्षे मी अर्धेच पिक्चर बघतो आहे. बाहेर जाऊन आत येतो, आणि कोण कशाने मेला हे सांगायला शेजारी कोणी नसते. मला हंबीररावांची फार आठवण येते.

५. साक्षीदारांबाबत. वकील शिवांजलीबाई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद निघतात. मला तर साक्षीला हंबीररावच हवे होते. ज्याने जन्मभर "तुला पिक्चरमधलं काय कळत न्हाय" म्हटले, त्यानेच माझे डोके ठिकाणावर असल्याची सही करावी, ही माझी जुनी हौस. म्हणून कागलला निरोप धाडला: येऊन खुर्च्या घे, नाहीतर सही कर.

पुरवणी, आज दुपारची. हंबीरराव आले. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. संगमेशने ती आजच बदलून द्यावी. त्यांनी वरचे सगळे उभ्यानेच वाचले, चौथे कलम दोनदा वाचले. मग वकीलबाईंना म्हणाले, "खुर्च्या काढा त्यातनं. ह्यो गेल्यावर खुर्च्या घिऊन कागलात एकटाच बसू व्हय? आणा कागद, सही करतो."

मी म्हणालो, "ऑपरेशनचं काय सांगता येत न्हाय, हंबीरा."

"तू गप बस. तुझं ऐकायला आलो न्हाय मी."

सबब कलम ४ मधील खुर्च्यांची देणगी रद्द. खुर्च्या घराच्या पुढच्या सोप्यात, टी.व्ही.समोर, आहेत तिथेच राहतील. वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करत आहे.

कोल्हापूर, शुक्रवार, दि. १० मार्च २००६

(सही) रेवणसिद्ध बसाप्पा हुक्केरी

साक्षीदार:

(सही) बाळासो तेली, शेजारी. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

(सही) हंबीरराव चौगले, कागल. माझ्यासमोर सही केली. माणूस शुद्धीवर हाय, गाण्याचं सोडून. बुधवारी दवाखान्यात मी हाय. सात वर्षांच्या हाणामाऱ्या ह्याला सांगायच्या राहिल्यात, त्या सांगून झाल्याबिगर ह्यो कागद कुणी लागू करायचा न्हाय.