सुप्याच्या बांधावरचं सीताफळ

सुपे,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दिगू,

पत्र बघून दचकशील. अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

परवा तुझ्या दाजींचं वर्षश्राद्ध झालं. तू आला नाहीस ते बरं झालं. गेल्या वर्षी दशक्रियेला तू माईक घेऊन बोललास, ते अजून माझ्या कानात आहे. "आमचे दाजी लई साधा माणूस. शाळेत शिपाई. माझ्या नर्सरीत यायचे, मी शिकवलं तसं कलमं बांधायचे." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांत बसले होते. घाटावर उठून बोलायची हिंमत झाली नाही, त्याचा राग वर्षभर माझ्याजवळ आहे.

त्यांनी काय केलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. आमच्या माळाच्या बांधावर दगडांतून एक सीताफळ आपोआप उगवलं होतं. त्याच्या पहिल्या फळात बिया कमी निघाल्या आणि हा माणूस त्या झाडाचा झाला. शाळेची घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, आणि शाळा सुटली की पोरांनी हात धुतलेलं पाणी दोन कॅनमध्ये भरून सायकलवरून माळावर न्यायचं. घरात सीताफळ खाल्लं की बिया ताटलीतच टाकायच्या. ते मोजायचे. आमच्या वैष्णवीला बघायला पाहुणे आले, त्यांनाही म्हणाले, "बिया टाकू नका, मोजायच्यात." मुलाच्या वडलांना हसता हसता ठसका लागला आणि सोयरीक तिथंच ठरली. बाकीच्या झाडांच्या फळात पन्नास बिया, याच्यात पंधरा. फळ पिकून तडकत नव्हतं. कलमात तोच गुण उतरतो का, हे बघण्यात त्यांनी सात वर्षं घालवली. त्या सात वर्षांत आमच्या पोराला, सौरभला, डबा द्यायची वेळ एकदाही चुकली नाही, की माझं दळण कधी राहिलं नाही.

तुला कलमासाठी काड्या द्या, असं मीच म्हणाले. ते म्हणाले, "दोन वरसं थांब, झाडाला नाव ठरू दे." मी रुसले. माझ्या भावाला नाही म्हणता, म्हणून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, एसटीनं कळसला आले आणि तुझ्या रानात उकिडवं बसून दोनशे कलमं बांधून दिली. तुझ्याकडं पाटाचं पाणी, झाडं भराभर वाढली. पुढं इंदापूरच्या स्टँडसमोर पाटी लागली, 'दिग्विजय सीताफळ, आमचे स्वतःचे संशोधन'. ती त्यांनी गाडीच्या खिडकीतून वाचली. घरी आले, पाय धुतले आणि एवढंच बोलले, "पाटीचा रंग चांगला हाय." मी तुला जाब विचारायला निघाले, तर "तुजं माहेर तुटंल" म्हणून मला शपथ घातली. ते होते तोवर मी ती पाळली.

महिन्यापूर्वी तू कागद घेऊन आलास. "आक्का, वाण नोंदणीची माणसं मूळ झाड बघायला येणार हायती. झाड तुमच्या बांधावर हाय, एवढंच लिवलंय. हितं अंगठा कर." ओळींवर बोट फिरवत तू मला वाचूनही दाखवलंस. दिगू, आपल्या घरात तुला शाळेत घातलं आणि मला शेळ्यांमागं पाठवलं. पण तुझे दाजी शाळेच्या रद्दीतली फाटकी पुस्तकं आणायचे, त्यावर मी चुलीपुढं वाचायला शिकले. तू कधी विचारलं नाहीस. कागदावर होतं की हे रोप आपल्या वडलांनी कळसहून आणून लावलं, संशोधन तुझं, आणि माझा नवरा तुझ्याकडं रोजंदारीवर होता. रोजंदारीवर! मी म्हणाले, घरात शाई नाही, ठेवून जा. तू ठेवून गेलास. वर चहा मागितलास, तोही मी केला.

काल ती माणसं आली. मी झाड दाखवलं, मग तुझा कागद मोठ्यानं वाचला. शेवटी माझा दिला, माझ्या हातचा, खाली अकरा शेजाऱ्यांच्या सह्या. तुझा अर्ज त्यांनी बाजूला ठेवला. नवा अर्ज तुझ्या दाजींच्या, 'जोतीराम' या नावानं गेलाय. माघात काड्या तयार होतील, तेव्हा मी इंदापूरला तुझ्या पाटीखाली पोतं घेऊन बसणार आहे. मागेल त्याला काडी फुकट. अट एकच, झाडाला जोतीराम म्हणायचं. तू हात धरून उठवायला आलास तर सगळ्या स्टँडसमोर उठव.

हे तुला लोकांकडून कळेलच. पत्र लिहिलं ते दुसऱ्या कारणानं. भाऊबीज पंधरा-सोळा दिवसांवर आलीय. तू पैठणी घेऊन येतो म्हणाला होतास. येऊ नकोस. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. माहेरी शेजारची मंदाकिनी अंगणात एकटी ताट धरून उभी राहायची, आणि तुला कडेवर घेऊन मी तिला हसायचे. यंदा मी पाट मांडणार नाही. ताट घेऊन अंगणात जाईन.

तुझी आक्का होती ती,
कौसल्या जोतीराम चांदगुडे