खेकडा, बाल्कनी आणि जिन्यातला बल्ब

२८ सप्टेंबर, संध्याकाळ

मोठ्या कार्यांच्या आरंभी विघ्नं येतात हे मान्य. पण इतरांची विघ्नं निदान वादळ, शत्रू, महापूर अशा दर्जाची असतात. माझ्या कार्याच्या आरंभी टेबल-लॅम्पचा बल्ब गेला. आज, नेमका आज. रोजनिशीचं पहिलं पान उघडून टोपण काढलं आणि फट्. घरात जादा बल्ब नाही. बायको म्हणाली, "सकाळी आणा." सकाळी! माझा संध्याकाळचा संकल्प सकाळपर्यंत टिकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आमचं दार आणि समोर राहणाऱ्या, हॉस्पिटलात नर्स असलेल्या सिस्टरचं दार यांच्या मधे जिन्यात एक बल्ब असतो. तो तूर्त उसना आणला. याला चोरी म्हणत नाहीत. मेन्टेनन्स मीही भरतो. उद्या परत.

आता मुद्दा. सासरे दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आले. तेव्हापासून हॉल त्यांचा आणि टीव्हीचा. आतली खोली मुलीच्या परीक्षांची. स्वयंपाकघराबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आम्ही नवरा-बायको पॅसेजमध्ये गाद्या घालतो. मला उरली बाल्कनी: एक खुर्ची, एक लॅम्प आणि सोळा कुंड्या निवडुंग. आता बायकोला तिथे काचा लावून तिच्या वडिलांची कॉट टाकायची आहे. म्हणजे आम्हाला झोपायला हॉल मोकळा. म्हणजे तिची पाठ शाबूत.

मी म्हणालो, "झाडं ऐन फुलण्यात आहेत."

ती म्हणाली, "पाच वर्षं ऐन फुलण्यातच आहेत. तीस नोव्हेंबरपर्यंत एक फूल दाखवा. बाल्कनी तुमची."

एकच! सोळा कुंड्या आहेत. मला तिची कीव आली.

२९ सप्टेंबर

बल्ब आणायचा राहिला. ऑफिसात काम फार. (विम्याचे दावे नाकारतो. नाकारायलाही वाचावं लागतं.)

४ ऑक्टोबर

निवडुंगावरचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की उष्ण प्रदेशात काही जाती शरदातच फुलतात: उन्हाळाभर झोपतात, हवा गार होऊ लागली की जाग्या होतात. म्हणजे निसर्ग माझ्या बाजूने आहे. रोज एक प्रकरण, क्रमाने. मधलं उघडून वाचणं हा उथळपणा.

मुख्य आशा खेकड्यावर. चपट्या, दातेरी, एकीतून एक फुटत लोंबणाऱ्या फांद्या, म्हणून हे नाव. तो माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला, लॅम्पच्या अगदी जवळ ठेवलाय. नजरेखाली असलेलं बरं. रोज संध्याकाळी सहा ते साडेदहा त्याच्या सोबतीला बसायचं, असा संकल्प.

११ ऑक्टोबर

दुसरी आशा: खड्यासारखी दिसणारी झाडं. वाळूतले गोटेच जणू. मधोमध चीर पडते आणि तिच्यातून फूल येतं. सहा आहेत. त्यांतलं एक विशेष जोमदार. सुरकुती नाही, डाग नाही. त्याला मी थेंबाथेंबाने पाणी घालत होतो.

सासरे चहाचा कप घेऊन आले. बराच वेळ वाकून पाहिलं. मग ते जोमदार रोप दोन बोटांनी उचललं आणि कपावर टकटक वाजवलं.

"जावईबापू, हा दगड आहे."

त्यांना म्हटलं, माहीत आहे, तुलनेसाठी ठेवलाय. शास्त्रात असं करतात.

१७ ऑक्टोबर

जिन्यात अंधार असल्याबद्दल सेक्रेटरीने सूचना लावली: "तिसऱ्या मजल्याचा बल्ब ज्याने नेला असेल त्याने निमूटपणे परत लावावा." भाषा पाहा. 'निमूटपणे'! लोकांशी असं बोलल्यावर लोक कशाला परत लावतील?

तक्रारीच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. अंधाराला माझा तत्त्वतः विरोध आहे.

पुस्तक: प्रकरण दोन, 'माती'. दोनदा वाचलं. खोल आहे.

२५ ऑक्टोबर, दुपार, बाल्कनी

दार आतून बंद झालंय. सासऱ्यांनी डासांसाठी कडी लावली असणार. डास दुपारी नसतात, पण सांगणार कोण?

ठोठावायचं नाही. जेवताना मीच जाहीर केलं होतं, "मला दोन तास कोणीही त्रास देऊ नका." आता बारा मिनिटांत दार वाजवलं तर नाचक्की. बसतो. चिंतनाला उत्तम वेळ.

ऊन सरकतंय. खुर्ची सरकत नाही. मागे गोल निवडुंग, पुढे उभा निवडुंग.

आतून हसण्याचे आवाज. माझ्याशिवाय घरात बरीच मजा चालते.

खालून सेक्रेटरी गेला, वर पाहून हात केला. मीही केला. स्वतःच्या बाल्कनीत बसलेला सुखी माणूस तिसऱ्या मजल्यावर असा दिसतो.

उठायला गेलो. बसलो. जिथे बसलो तिथे खुर्ची नव्हती.

(रात्री) बायकोने चिमट्याने काटे काढले. मुलगी दाराबाहेरून मोजत होती. काटे निघता निघता बायको म्हणाली, "अहो, पॅसेजमध्ये तरी नीट झोपता येईल ना आज?" पालथं झोपेन, म्हटलं. ती हसली नाही. तिनं स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि उठली. उठायला तिला वेळ लागतो हल्ली.

३ नोव्हेंबर

सासरे आज मुद्दाम बाल्कनीत आले. लॅम्पखाली वाकले.

"जावईबापू, तुमच्या बल्बला ही लाल टिकली कसली?"

सोसायटी आपल्या बल्बांना लाल रंगाचा ठिपका देते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. मी म्हणालो, कंपनीची खूण. ते "असं होय" म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून टीव्हीचा आवाज दुप्पट आहे. मी काही बोलू शकत नाही, हे त्यांना कळलंय, आणि त्यांना कळलंय हे मला कळलंय. एका घरात यापेक्षा जास्त समजूतदारपणा काय असतो?

उद्या बल्ब परत. नक्की.

८ नोव्हेंबर

सिस्टरचा घोटा मुरगळला. रात्रपाळीला निघताना शेवटची पायरी दिसली नाही. दोन दिवस रजा, मग लंगडत पुन्हा ड्यूटी. बायको शेकायला पिशवी देऊन आली.

पायऱ्याच मुळात चुकीच्या उंचीच्या आहेत. मी आधीपासून म्हणतोय.

बल्ब आजच लावणार होतो. पण आज लावला तर लोक तारखेवरून नको ते अर्थ काढतील. जरा शांत होऊ दे.

१६ नोव्हेंबर

कळी! खेकड्याच्या टोकाला लालसर, टोकदार, तांदळाएवढी. सगळ्यांना हाका मारल्या. मी चार शब्द बोललो: चिकाटी, एकांत, गैरसमज सोसण्याची ताकद. सासऱ्यांनी भिंग आणलं.

"पान आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, पान पण छान आहे हं." परीक्षेतल्या मुलीची सहानुभूती मनाला फार लागते.

२२ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

गेल्या वर्षी माझ्या खेकड्याची एक फांदी मोडली होती. कचऱ्यात टाकायला निघालो तर सिस्टर म्हणाल्या, "द्या इकडे, लावून बघते." मी त्यांना अर्धा तास सूचना दिल्या. त्यांनी ती कान तुटलेल्या मगमध्ये खोचली आणि जिन्यात, आपल्या दाराशी ठेवून दिली. दिवसा खिडकीचा उजेड. पाणी आठवलं तर.

आज तिच्यावर नऊ फुलं आहेत. गुलाबी. कळ्या वेगळ्या.

मी विचारलं, "काय घालता हिला?"

"काही नाही हो भाऊ. माझ्या लक्षातही नव्हतं. अंधारात पडलं होतं बिचारं, बल्ब गेल्यापासून." मग आवाज खाली करून, "वहिनी म्हणत होत्या तुमची पैज लागलीय. तुमचंच लेकरू आहे, न्या आत. मी नाही कोणाला सांगायची."

मी तो मग उचलला. हातात घेतला, दारापर्यंत आलो. त्या ड्यूटीला निघाल्या होत्या. मोबाइलची बॅटरी लावून मोबाइल दातांत धरला, दोन्ही हातांनी कठडा पकडला, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागल्या. भिंतीवर उजेड हलत होता.

मी तो मग जागेवर परत ठेवला. जागा बदलली की या जातीच्या कळ्या गळतात. निव्वळ शास्त्रीय कारण.

२३ नोव्हेंबर

पुस्तक मधेच उघडलं. प्रकरण नऊ, 'रात्र'. "या जातीला कळी धरण्यासाठी शरदात रोज लांब, सलग काळोख लागतो. संध्याकाळनंतर जवळ दिवा लावून ठेवल्यास झाड कळी धरत नाही."

हे वाक्य खेकड्याच्या शेजारी बसून, लॅम्पच्या उजेडात वाचलं.

लेखकाने हे प्रकरण पहिलं घ्यायला हवं होतं. त्याला तसं कळवायचा विचार आहे.

खेकड्याची एक फांदी तेवढ्यात माझ्या बाहीला अडकली. सोडवली.

२९ नोव्हेंबर

बायकोला म्हटलं, काचवाल्याला बोलाव. ती वळून बघतच राहिली.

"उद्याचा दिवस आहे की अजून," ती म्हणाली.

मी म्हटलं, फूल आलं तरी बोलाव.

 रात्री पॅसेजमध्ये माझी उशी तिने झटकून ठेवली होती. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज लहान केला. मला जरा भीतीच वाटली.

३० नोव्हेंबर

पंधरा कुंड्या सेक्रेटरीच्या परवानगीने गच्चीत. दगड मुलीने कागद दाबायला मागितला. दिला. खेकडा जिन्यात, खिडकीखाली, सिस्टरच्या मगशेजारी. मायलेकरं. तिथे अंधार असाच राहिला तर पुढच्या शरदात तो नक्की फुलेल. यात शंकाच नाही, प्रकरण नऊ. आणि बल्बचं काय, लोकांना आता सवय झालीय. सेक्रेटरीची सूचनाही वाऱ्याने उडाली.

बाल्कनी रिकामी आहे. खुर्ची आता कुठेही सरकते.

साडेसहाला सगळे आत होते. स्टूल घेऊन गेलो. लॅम्पमधला बल्ब फडक्याने पुसला, जिन्यात जागेवर बसवला. लागला. दोन्ही खेकड्यांवर लख्ख उजेड पडला. स्टूल घेऊन परत आलो. सासरे पॅसेजमध्ये उभे होते. त्यांनी स्टूल माझ्या हातातून घेतलं आणि जागेवर ठेवलं. 

सातला सिस्टरचं दार वाजलं. मी आमचं दार बोटभर उघडून पाहिलं. त्या थबकल्या. वर पाहिलं. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कठडा न धरता उतरून गेल्या.